मॉसमनच्या रानाला अख्खा दिवस द्या

परदेशी सहली नेणाऱ्या महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या संचालकांना,



मी सावंतवाडीजवळच्या एका गावातली निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षं मुलांना भूगोल शिकवला. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा पहिली हौस केली ती ऑस्ट्रेलिया बघण्याची, आणि तीही तुमच्यासारख्याच एका कंपनीबरोबर. कंपनीचं नाव घालत नाही, कारण माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांना उद्देशून आहे. जेवणखाण, मुक्काम, विमानं, सगळं चोख होतं. साठीच्या बाईला एकटीने जमलं नसतं ते तुमच्यामुळे जमलं, हे आधी मनापासून सांगते.

आता जे सलतं ते. त्या सहलीच्या पत्रकात केर्न्सच्या दुसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'जगातल्या सर्वांत जुन्या पर्जन्यवनांपैकी एकाला भेट'. भूगोलाची बाई मी, त्या एका ओळीसाठी मी ती सहल निवडली होती. केर्न्सहून समुद्राच्या कडेकडेने सव्वा तास बस गेली. मॉसमन गॉर्जच्या केंद्रावर उतरलो, तिथल्या छोट्या बसमधून आत गेलो, रेक्स क्रीकवरच्या झुलत्या पुलावर सगळ्यांचा फोटो झाला आणि परत फिरलो. घड्याळ लावून चाळीस मिनिटं. त्या रानातल्या एकाही झाडाचं नाव मला कळलं नाही.

पण चाळीस मिनिटांपेक्षा एक वेगळीच गोष्ट मनात राहिली. छोट्या बसच्या दारात तिकिटं बघायला एक तरुण मुलगी उभी होती. तिथल्याच वस्तीतली, त्या भूमीच्या मूळ रहिवासी कुकू यलंजी समाजाची. आमच्यातल्या एका गृहस्थांनी तिच्या रंगावरून मराठीत काहीतरी म्हटलं आणि आठ-दहा जण मोठ्याने हसले. तिला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. त्यानंतर तिने आमच्यातल्या कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. माझ्या वर्गात कुणी असं हसलं असतं तर मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं असतं. तिथे मी गप्प बसले.

त्या गृहस्थांवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. येताना सव्वा तास आम्ही बसमध्ये होतो आणि त्या सव्वा तासात अंताक्षरी झाली. आपण कुणाच्या घरी चाललोय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या जूनमध्ये भाचीकडे ब्रिस्बेनला गेले, तेव्हा तिला म्हटलं, मला बाकी काही दाखवू नकोस, मॉसमनला परत घेऊन चल. या वेळी आम्ही तिथल्या माणसाबरोबर चालत फिरण्याचं तिकीट काढलं. या फेरीला 'नगाडिकू' म्हणतात. कुकू यलंजी भाषेत त्याचा अर्थ फार पूर्वीच्या गोष्टी. दीड तासाची वाट, सोपी, माझ्या गुडघ्यांनी कुठे कुरकुर केली नाही. आम्ही बारा-तेरा जण आणि पुढे वाटाड्या, पन्नाशीचा, अनवाणी.

सुरुवात धुराने झाली. ओली पानं आणि साल निखाऱ्यांवर टाकून त्याने दाट धूर केला आणि आम्हाला एकेकाला त्यातून गोल फिरून जायला सांगितलं. आपल्याबरोबर आलेलं वाईटसाईट इथेच राहावं, आत येऊ नये, यासाठी. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ओवा-बाळंतशेपांची धुरी करतात, त्या वासाची मला आठवण झाली. मग तो रानाकडे तोंड करून त्याच्या भाषेत मोठ्याने काहीतरी बोलला. भाचीने विचारल्यावर म्हणाला की पूर्वजांना सांगितलं, ही माणसं माझ्याबरोबर आलीत, पाहुणी आहेत, यांना सांभाळा.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात राखणदाराला अगदी असंच गाऱ्हाणं घालतात. विहीर खणायची असो, मुंबईहून चाकरमानी आलेला असो, गावकार हात जोडून 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि मागे उभी असलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी मनातल्या मनात 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि त्याच्यामागून रानात शिरले.

पुढच्या दीड तासातलं सगळं लिहीत बसले तर वर्तमानपत्राचं पान पुरणार नाही. एकच जागा सांगते. वाटेच्या कडेला तो उकिडवा बसला आणि आम्हालाही वाकायला लावलं. जमिनीवर पालापाचोळ्यात एक ढीग होता, शेणासारखा, पण त्यात शेणापेक्षा बियाच जास्त. काही जांभळट, काही बोराएवढ्या, काही त्याहून मोठ्या. ही कॅसोवरीची विष्ठा. कॅसोवरी म्हणजे माणसाएवढा उंच, न उडणारा पक्षी, डोक्यावर शिंगासारखा तुरा आणि गळा निळाभोर. यलंजी भाषेत त्याचं नाव कुरांजी. रानातली मोठमोठी फळं तो अख्खी गिळतो आणि दूर कुठेतरी बिया टाकतो. काही झाडांच्या एवढ्या मोठ्या बिया इतक्या लांब नेणारं दुसरं कुणी त्या रानात नाही. आपल्याकडे धनेश जे करतो तेच, फक्त हा चालत करतो. वाटाड्याने एक काडी घेऊन ढीग जरासा बाजूला केला. खालच्या एका बीला कोंब आला होता, पांढरा, नखाएवढा. त्याने ढीग पुन्हा होता तसा लावून ठेवला.

पक्षी काही दिसला नाही. संख्या फार थोडी उरली आहे, आणि जे आहेत ते गाड्यांखाली आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात. पण त्या एका ढिगापाशी मला पर्जन्यवन म्हणजे काय ते कळलं. ३१ वर्षं फळ्यावर त्याची व्याख्या लिहून देत होते.

आणखी एक. नदीकाठी त्याने ब्लॅक बीन नावाच्या झाडाखालची शेंग फोडून दाखवली. आत सुपारीहून मोठ्या, चकचकीत तपकिरी बिया. तशाच खाल्ल्या तर विष. त्याच्या आज्या-पणज्या त्या भाजून, किसून, वेताच्या टोपलीत भरून वाहत्या पाण्यात कित्येक दिवस ठेवायच्या, की मग त्यांचं पोटभरीचं अन्न व्हायचं. मला आमच्या इथल्या कडू करांद्यांची आठवण झाली. कातकरी बायका ते राखेत उकडतात, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्यांचा कडूपणा उतरतो. आपल्या सह्याद्रीत आणि त्या रानात वेतही एकाच जातकुळीचा. आणि तूण तर एकच झाड! ते लोक ज्याला रेड सिडार म्हणतात ते टूना सिलिआटा आणि आपल्या घाटातला तूण, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात दोघांचं नाव एक आहे.

या तुणानेच त्या माणसांचा घात केला. १८७० च्या दशकात गोरे लाकूडतोडे तांबड्या सिडारसाठी त्या खोऱ्यांत शिरले. १८७३ मध्ये पामर नदीवर सोनं सापडलं आणि लोंढे आले. पुढे १८९७ मध्ये तिथल्या क्वीन्सलँड प्रांताने कायदा केला. त्याला नाव 'संरक्षणा'चं होतं. त्याखाली सरकार कुठल्याही ॲबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, माणसाला उचलून वाटेल त्या वसाहतीत नेऊन ठेवू शकत होतं. मुलं आईबापांपासून तोडली गेली, भाषा बोलायला बंदी झाली. वाटाड्या हे सांगताना आवाज चढवत नव्हता. त्याच्या आजीला ही वाट माहीत होती, मधल्या काळात तिला इथे चालायला मुभा नव्हती, एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही सहल कंपनी, इतिहासाचा तास आमच्याकडून कशाला? तर यासाठी की हा इतिहास ठाऊक नसेल तर तुमच्या पत्रकातली ती ओळ अर्धीच राहते. 'सर्वांत जुन्या पर्जन्यवनांपैकी एक' हे खरं. १९७१ मध्ये तिथली काही गुरं एक अनोळखी फळ खाऊन मेली आणि त्यांच्या पोटातल्या बियांवरून शास्त्रज्ञांना असं झाड पुन्हा सापडलं, जे नामशेष झालं असं ते धरून चालले होते. सपुष्प वनस्पतींच्या अगदी आरंभीच्या घराण्यातलं ते झाड. असं हे रान. १९८३ च्या डिसेंबरात केप ट्रिब्युलेशनच्या उत्तरेला त्यातून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा आंदोलक स्वतःला गळ्यापर्यंत मातीत पुरून घेऊन आडवे आले. रस्ता झालाच. पण देशभर आवाज उठला आणि ९ डिसेंबर १९८८ रोजी, राज्य सरकारचा विरोध मोडून, सुमारे ८,९४० चौरस किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला.

त्या नोंदीत रानाचे गुण होते, माणसांचे नव्हते. झाडं, पक्षी, बेडूक, डोंगर यांची थोरवी मान्य झाली. हजारो वर्षं ते रान राखत, जाळत, वेचत, नावं देत आलेल्या लोकांचं सांस्कृतिक नातं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत यायला २०१२ उजाडलं. मधे २४ वर्षं गेली. दरम्यान २००७ मध्ये न्यायालयाने पूर्व कुकू यलंजींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला, आणि २९ सप्टेंबर २०२१ रोजी हे रान ज्यात येतं त्या डेन्ट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानं, मिळून १ लाख ६० हजार हेक्टरांहून अधिक जमीन, त्यांच्या नावे परत झाली. आज ती उद्यानं ते लोक आणि राज्य सरकार मिळून सांभाळतात. त्यांचे वनरक्षक रानडुकरं आवरतात, परकी झुडपं उपटतात.

म्हणजे आमची बस मॉसमनला जाऊन थांबते ती कुणाच्या तरी परसात. हे केंद्रसुद्धा २०१२ मध्ये त्याच कारणाने उभं राहिलं. तोपर्यंत गॉर्ज बघायला येणाऱ्या गाड्या थेट यलंजींच्या वस्तीतून, मुलं खेळत असलेल्या रस्त्यावरून जायच्या. केंद्र झालं, गाड्या तिथे थांबल्या, आतली ने-आण छोट्या बसने होऊ लागली आणि तिथल्या तरुणांना शिकायला, कमवायला जागा मिळाली. दारात तिकिटं बघणारी ती मुलगी अशीच कामाला लागलेली असणार.

आता माझं मागणं. ते तुमच्या धंद्याच्या भाषेतच मांडते.

केर्न्सच्या मुक्कामातला एक पूर्ण दिवस या रानाला द्या. सकाळी लवकर निघा, त्या रानातल्याच माणसाबरोबर चाला, दुपारचं जेवण तिथे घ्या आणि जमल्यास डेन्ट्री नदीच्या तराफ्यावरून पलीकडे, समुद्राला भिडलेल्या रानापर्यंत जा. तुमची चाळीस माणसांची बस असते आणि वाटाड्या चाळिसांना एकदम नेत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तीन गट करा, आधीपासून वेळा ठरवून घ्या. एक गट चालत असेल तेव्हा दुसरा केंद्रातली चित्रं बघेल, चहा घेईल. पैसे वाढतील, तर पत्रकात स्पष्ट लिहा की हे कशाचे आणि कुणाच्या हातात जाणार आहेत. जेवणातला एक पदार्थ कमी झाला तरी चालेल, पण हे हवं, असं म्हणणारी माणसं तुमच्या यादीत आहेत. मी एकटी नाही.

पण एक बघून घ्या. तिकडे 'ॲबोरिजिनल' म्हणून विकलं जाणारं सगळं त्यांचं नसतं. फेरी कुणाच्या मालकीची, वाटाड्या त्याच मातीतला आहे का, हे विचारल्याशिवाय करार करू नका. खरेदीच्या वेळीही तेच. केर्न्सच्या बाजारात ठिपक्यांच्या चित्रांचे बूमरँग ढिगाने मिळतात. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू ॲबोरिजिनल कला म्हणून विकणाऱ्या एका घाऊक विक्रेत्याला २३ लाख डॉलरचा दंड केला. शिवाय या रानातल्या लोकांची खरी ओळख वेगळी आहे: उंबराच्या जातीच्या झाडाच्या फळीसारख्या मुळांतून कोरलेल्या मोठ्या, रंगवलेल्या ढाली आणि दोन टोकं शिंगांसारखी वळलेल्या वेताच्या टोपल्या. जिला आपण तिथली बासरी म्हणून घरी आणतो ती डिजेरिडू मुळात पार दुसऱ्या प्रांताची, आर्नहेम लँडकडची. कोकणातल्या माणसाला कुणी घोंगडी देऊन ही तुमची खूण म्हटलं तर कसं वाटेल, तसंच हे.

आणि बसमधला तो सव्वा तास मला द्या. म्हणजे माझ्यासारखीचं, शिकवण्याचं काम तेवढा वेळ तुमच्या टूर मॅनेजरला करू दे. अंताक्षरी परतीच्या वाटेवर होऊ दे. जाताना त्याने आम्हाला सांगावं की आपण कुकू यलंजींच्या भूमीत चाललोय, ती माणसं स्वतःला 'बामा' आणि भूमीला 'बुबू' म्हणतात, आणि लहानपणी चित्रांच्या पुस्तकात पाहिलेल्या 'कांगारू'चं नावसुद्धा त्यांच्या शेजाऱ्यांच्या, गुगु यिमिथिर लोकांच्या भाषेतून जगभर गेलंय. फोटो काढण्याआधी विचारायचं. काही जागांचा, काही गोष्टींचा फोटो नाहीच. त्यावर हुज्जत घालायची नाही. आपल्या देवळांच्या गाभाऱ्यात कॅमेरा बंद ठेवा म्हटलं की ठेवतोच ना आपण? नदीचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी उतरायचं नाही. दगडांमधली ओढ माणसाला खाली खेचते, तिथे जीव गेलेत. हे पाच-दहा मिनिटांत सांगून होतं. वाटाड्याचं इंग्रजी आपल्या कानाला जड जातं, तेव्हा टूर मॅनेजरने दोन-दोन वाक्यांनी मराठीत सांगावं. त्यासाठी त्याला एकदा तरी आधी ती वाट चालायला पाठवा. फोटो कुठे काढायचा हे त्याला पाठ असतं, मग झाडं का नसावीत?

एवढ्यात कुणी म्हणेल, हे तर आपल्यासारखंच आहे, धूप काय, राखणदार काय. मीही वर तेच लिहिलं. सारखेपणाने आपल्या माणसांचं मन उघडतं, त्यासाठी तो जरूर सांगा. पण तिथेच थांबू नका. त्यांचे डोंगर, त्यांच्या गोष्टी, कुणी कुठली गोष्ट सांगायची याचे त्यांचे नियम, हे त्यांचं आहे. मी वाटाड्याला एका डोंगराची गोष्ट विचारली. अर्धी सांगून तो म्हणाला, पुढची माझ्याकडे नाही, ती सांगणारे दुसरे आहेत. मला आधी वाटलं त्याला आठवत नसेल. मग कळलं, त्याला सांगायचा अधिकार नव्हता. असं उत्तर ऐकून गप्प राहता येणं, हेसुद्धा सहलीला गेलेल्या माणसाने शिकावं असं मला वाटतं.

तुमच्या हातात किती ताकद आहे याची तुम्हाला कल्पना असेलच. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत मराठी माणूस कुठे जाणार, काय बघणार आणि कशाला 'काही खास नाही' म्हणणार, हे बरंचसं तुमचं पत्रक ठरवतं. मे-जून म्हणजे तिकडे पाऊस सरून कोरडा काळ सुरू झालेला असतो, रानात फिरायला चांगला. वेळसुद्धा तुमच्या बाजूने आहे.

एका गोष्टीत मात्र तुम्ही जरा धीर धरावा. १३ डिसेंबर २०२३ रोजी जास्पर चक्रीवादळ वुजल वुजल या त्यांच्याच गावाजवळ किनाऱ्याला लागलं. पुढचे काही दिवस पाऊस थांबला नाही. गाव पाण्याखाली गेलं आणि माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. केर्न्सहून येणारा समुद्राकाठचा रस्ता दरडींनी बंद पडला. सहली बंद म्हणजे तिथल्या वाटाड्यांची चूल बंद. अशा वर्षी हा सगळा भाग यादीतून काढून टाकणं तुम्हाला सोपं आहे. पण कोकणात दर पावसाळ्यात घाट बंद होतात, म्हणून तुम्ही कोकण कायमचं वगळत नाही. तसंच त्यांचंही धरा. रस्ता उघडला की परत जा.

परतीच्या वाटेवर वाटाड्याने नदीच्या पाण्यात एका झाडाची पानं चुरगळली आणि माझ्या हातावर चोळली. साबणासारखा फेस आला. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे रिठा असतो, आम्ही लहानपणी त्याने केस धुवायचो. भाचीने त्याला ते सांगितलं. त्याने रिठ्याचं नाव दोनदा म्हणून बघितलं, मग माझ्याकडून तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं. पुढच्या गटाला तो ते सांगणार होता.

दारात तिकिटं बघणारी ती मुलगी या वेळी नव्हती. दुसरीच होती. मी तिला तिच्या भाषेत नमस्कार कसा म्हणतात ते आधी विचारून 'यलाडा' म्हटलं. ती हसली आणि माझा उच्चार दुरुस्त करून दिला.

तुमची नवी पत्रकं दिवाळीनंतर येतात. मॉसमनसमोर तुम्ही किती वेळ लिहिलाय ते मी सगळ्यांत आधी बघणार आहे. पूर्ण दिवस लिहिला असेल तर आमच्या गावातून पहिली पाच नावं मी देते. माझं त्यात पहिलं.

आपली,
सावंतवाडी तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका